बारा गावचं पाणी प्यालेला स्ट्रायकर : निकोला अनेल्का

टाचटोला (धागाकर्ता)

परवा दुसऱ्या एका धाग्यावर ‘पैशासाठी क्लब बदलणारे’ अशी यादी रंगली होती. पहिलंच नाव फ्रेंच फुटबॉलपटू निकोला अनेल्काचं आलं आणि त्याला धडाधड +१ पडले. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. अनेल्का तुसडा होता, हट्टी होता, कोचशी त्याचं क्वचितच पटायचं, सगळं मान्य. पण तो इतका फिरला त्याला त्याचा स्वभाव जेवढा कारण आहे, तेवढंच क्लबांचं वहीखातंही आहे. फायदा बहुतेकांनी घेतला आणि बदनामी एकट्याच्या नावावर जमा झाली.

आता वही उघडू. जन्म १९७९चा, आईवडील मार्टिनिकचे, वाढला पॅरिसजवळच्या त्राप या उपनगरात. क्लेरफोंतेनच्या अकादमीत तयार होऊन सतराव्या वर्षाच्या आत पीएसजीच्या (पॅरिस सेंट-जर्मेन) मुख्य संघात उतरला. फेब्रुवारी १९९७मध्ये आर्सेनलचा कोच आर्सेन वेंगरने त्याला जेमतेम ५ लाख पौंडांत उचललं. पुढच्याच मोसमात आर्सेनलने लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले, आणि कपच्या फायनलमध्ये न्यूकॅसलविरुद्धचा दुसरा गोल या एकोणीस वर्षांच्या पोराचा. १९९८-९९मध्ये लीगमध्ये १७ गोल, व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेचा सर्वोत्तम तरुण खेळाडूचा पुरस्कार, आणि त्याच फेब्रुवारीत वेम्बलीवर इंग्लंडविरुद्ध फ्रान्सचे दोन्ही गोल याचेच.

मग ऑगस्ट १९९९. रेआल माद्रिदने सुमारे २.३ कोटी पौंड मोजले. अडीच वर्षांत ५ लाखांचे २.३ कोटी! या पैशांतून आर्सेनलचं लंडन कॉलनी इथलं नवं सराव केंद्र उभं राहिलं आणि शिवाय युव्हेंटसकडून एक फ्रेंच विंगर आणता आला. त्या विंगरचं नाव थिएरी ऑन्री. आर्सेनलचे चाहते अनेल्काला शिव्या घालतात तेव्हा मला गंमत वाटते ती यामुळे.

पुढचे आकडे ढोबळ देतो. रेआलने वर्षभरात जवळपास तेवढ्याच किमतीला तो पीएसजीला परत विकला. पीएसजीने २००२मध्ये मँचेस्टर सिटीला १.३ कोटीत, सिटीने जानेवारी २००५मध्ये फेनेरबाह्चेला ७० लाखांत, तुर्कांनी २००६मध्ये बोल्टनला ८० लाखांत, आणि बोल्टनने दीड वर्ष वापरून जानेवारी २००८मध्ये चेल्सीला १.५ कोटीत. बेरीज करा, नऊ कोटी पौंडांच्या आसपास जाते. त्या काळात एकाच माणसावर इतका पैसा कुणी ओतला नव्हता. विकताना मोठा तोटा झाला तो दोघांना, पीएसजी आणि सिटीला. त्यातल्या सिटीचं खातं तर मी वेगळंच मांडेन, कारण खेळ तिथे भरपूर मिळाला.

मधे लिव्हरपूलला लोनवर (डिसेंबर २००१ ते मोसम संपेपर्यंत), आणि शेवटी शांघाय शेन्हुआ, युव्हेंटस, वेस्ट ब्रॉम आणि आपलं मुंबई सिटी. बरोबर बारा क्लब. सामान आवरा-उघडा करण्यातच अर्धं आयुष्य गेलं असणार.

लिव्हरपूलचा किस्सा तर खासच. तिथे तो नीट खेळला, वागला, गेरार ऊलिएचा संघ लीगमध्ये दुसरा आला. सगळ्यांना वाटलं आता कायम करणार. ऊलिएने त्याच्याऐवजी एल हाजी दियुफ घेतला. पुढे दियुफचं काय झालं ते लिव्हरपूलवाल्यांना विचारा, पण लांबून विचारा.

---

गोलपोस्टमागे

लेख चांगला, पण वकिली जरा जास्तच. आर्सेनलने त्याला हाकललं नव्हतं. करारात वर्षं शिल्लक होती, वेंगरला तो हवा होता. १९९९चा उन्हाळाभर तो आणि त्याचे भाऊ एजंट बनून क्लबांना खेळवत होते. लाझिओ काय, युव्हेंटस काय, रोज नवं नाव. इंग्रजी टॅब्लॉइडनी त्याचं ‘फुरंगटलेला’ असं नाव पाडलं ते उगाच नाही. ऑन्री सोनं निघाला हे वेंगरचं कसब. अनेल्काच्या पुण्याईत ते कशाला धरता?

अवांतर : त्या भावांपैकी क्लॉड २००४मध्ये स्कॉटलंडच्या रेथ रोव्हर्सचा कोच झाला होता. ऑक्टोबर संपायच्या आत खुर्ची गेली आणि मोसमाअखेर क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये. घरातला सल्लागार या पातळीचा असेल तर काय होणार!

---

पेठेतला बॅक

कोल्हापुरात या, मग कळेल. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीचा पोरगा पुढच्या वर्षी दिलबहार तालमीच्या जर्सीत दिसला की गॅलरीतनं काय काय ऐकायला लागतं ते इथं लिहिलं तर संपादक धागा उडवतील. 😄 पण खरं सांगू का, तालमीकडनं दोन पैसे जास्त मिळाले तर पोरगं जाणारच की. त्याचा गुडघा गेला तर पेठ काय जन्मभर पोसणार हाय? माझा टाचटोला भावांना पाठिंबा.

एक शंका : रेआलमध्ये नक्की काय बिनसलं? एवढे पैसे देऊन एका वर्षात का सोडला?

---

टाचटोला

@पेठेतला बॅक, रेआलचं प्रकरण मोठं आहे, थोडक्यात लिहितो. वय वीस, भाषा येत नाही, ड्रेसिंग रूममध्ये राउल-मोरिएन्तेस ही जोडी आधीच बसलेली. मोरिएन्तेसची जागा खायला आलेला महागडा पोरगा म्हणून स्वागत थंडच झालं. नोव्हेंबरमध्ये कोच जॉन तोशॅक गेला, व्हिसेन्ते देल बोस्के आला. जानेवारी २०००मध्ये ब्राझीलला क्लब विश्वस्पर्धेत तीन गोल केले, त्यातले दोन कोरिंथियन्सविरुद्ध, पण त्याच सामन्यात पेनल्टीही त्यांच्या गोली दिदाने अडवली. मार्चमध्ये त्याने सरावाला यायचंच नाकारलं आणि क्लबने ४५ दिवसांची बंदी घातली.

इथे बहुतेकांची गोष्ट संपते. पण एप्रिल-मेमध्ये तो संघात परतला आणि चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलमध्ये बायर्न म्युनिकविरुद्ध दोन्ही लढतींत गोल केला. माद्रिदला २-०, म्युनिकला १-२, एकूण ३-२. अनेल्काचे दोन वजा करा आणि सांगा फायनलला कोण गेलं असतं. पॅरिसमधल्या फायनलला तो सुरुवातीपासून मैदानात होता, व्हॅलेन्सियाला ३-० हरवलं. लीगमध्ये वर्षभरात फक्त दोन गोल, आणि त्यातला एक बार्सिलोनाविरुद्ध! यशस्वी म्हणावं की फसलेला, मला अजून ठरवता येत नाही.

---

शिट्टी आणि कार्ड

वर पैशांचा आणि रुसव्याफुगव्यांचा हिशेब झाला, खेळाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते.

पंचविशी ओलांडल्यावरचा अनेल्का आणि आर्सेनलचा अनेल्का हे दोन वेगळे खेळाडू आहेत. आर्सेनलमध्ये त्याचं काम एकच : बचावफळीच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायचं आणि जोडीदार बर्गकाम्पने मान वर केली की पाठीमागच्या मोकळ्या जागेत सुटायचं. पहिल्या दहा मीटरमध्ये त्याला गाठणारा बॅक तेव्हा इंग्लंडमध्ये नव्हता. गोलीसमोर एकटा असताना घाई नाही. जोरात मारण्यापेक्षा चेंडू बाजूने सरकवायचा.

बोल्टन-चेल्सीपर्यंत वेग थोडा कमी झाला आणि पाय शहाणे झाले. तो खाली येऊन चेंडू घ्यायला लागला, सेंटर बॅकला आपल्यामागे ओढून आणायचा आणि ती रिकामी जागा दुसऱ्याला द्यायचा. चेल्सीचा कोच कार्लो अँचेलॉटीने २००९-१०मध्ये ड्रोग्बाच्या जोडीला, कधी आडबाजूला खेळवून हेच काढून घेतलं. त्या मोसमात चेल्सीने लीगमध्ये १०३ गोल केले. ड्रोग्बा २९, लॅम्पार्ड २२, अनेल्का ११. अकरा आकडा किरकोळ दिसतो, पण लॅम्पार्ड धावत येऊन ज्या जागेतून मारत होता ती जागा कुणी रिकामी केली ते पुन्हा बघा.

आणि आदल्या वर्षी, २००८-०९मध्ये, ड्रोग्बा बराच काळ बाहेर असताना हाच एकटा पुढे खेळला, १९ गोल करून गोल्डन बूट घेतला. रोनाल्डो १८वर राहिला. म्हणजे दोन्ही कामं येत होती. इतके कोच, इतक्या पद्धती, आणि पोचल्यावर थोड्या दिवसांत बसणारा असा स्ट्रायकर विरळा. क्लब त्याला पुन्हापुन्हा घेत राहिले याचं कारण मला हेच दिसतं. नुसत्या भाडोत्रीला कुणी सातव्यांदा पैसे मोजत नाही.

---

गोलपोस्टमागे

ताई, प्रतिसाद आवडला. पण मॉस्को विसरलात. 🙂 २००८ची चॅम्पियन्स लीग फायनल, चेल्सीची सातवी पेनल्टी अनेल्काची, समोर मँचेस्टर युनायटेडचा गोली फान डर सार.

---

शिट्टी आणि कार्ड

विसरले नाही, मुद्दाम ठेवलं होतं. तो जादा वेळेत बदली म्हणून उतरला होता. नंतर त्याची तक्रार होती की नीट वॉर्म-अपही करू दिला नाही. पण त्या पेनल्टीची खरी गंमत वेगळी आहे. इग्नासिओ पालासिओस-उएर्ता नावाच्या स्पॅनिश अर्थशास्त्रज्ञाने पेनल्टींची आकडेवारी जमवली होती आणि फान डर सार कुठे झेप घेतो याची टिपणं चेल्सीचा कोच अ‍ॅव्हरम ग्रँटपर्यंत पोचली होती. चेल्सीचे बहुतेक फटके गोलीच्या डाव्या बाजूलाच जात होते. अनेल्का चेंडू ठेवून मागे आला तेव्हा फान डर सारने हाताने आपल्या डाव्या बाजूकडे बोट दाखवलं : इकडेच मारणार ना? अनेल्काने बाजू बदलली. चेंडू उजवीकडे, गोलीही उजवीकडे. टेरीचा पाय घसरलेला सगळ्यांना आठवतो, पण तो पोस्टला लागला होता. ही मात्र हरलेली मनाची झुंज.

---

मँचेस्टरचा पाऊस

सिटीबद्दल लिहितो, कारण इथले जुने लोक त्याच्याबद्दल वाईट बोलताना मला तरी आढळले नाहीत. केविन कीगनने २००२मध्ये क्लबचा विक्रम मोडून त्याला आणला तेव्हा सिटी नुकतीच वर चढली होती. आजच्या पोरांना सांगून पटत नाही, पण तेव्हा सिटी म्हणजे कधी खाली जाईल याचा नेम नसलेला संघ. नोव्हेंबर २००२ची मेन रोड या जुन्या मैदानावरची युनायटेडविरुद्धची शेवटची मँचेस्टर डर्बी सिटीने ३-१ जिंकली, पहिला गोल अनेल्काचा. ऑक्टोबर २००४मध्ये मोरिन्योच्या चेल्सीला १-० हरवलं, पेनल्टी अनेल्काची. त्या अख्ख्या मोसमात चेल्सी लीगमध्ये एवढा एकच सामना हरली!

बोल्टनलाही तसंच. सॅम अ‍ॅलरडाइसने क्लबचा विक्रम मोडून घेतला, पहिल्याच मोसमात ११ लीग गोल आणि संघ सातवा. जानेवारीत विकला आणि त्या वर्षी बोल्टन कसाबसा तरला. पैसे आले, गोल गेले.

---

रविवारचा रेफ्री

हे सगळं ठीक आहे, पण कनिस्नाबद्दल चकार शब्द नाही? २०१० विश्वचषक. फ्रान्सची देशभर जी शोभा झाली ती कुणामुळे?

---

टाचटोला

@रविवारचा रेफ्री, येतो ना तिकडेच.

आधी मागचं. १९९८ला शेवटच्या क्षणी यादीतून गळाला आणि फ्रान्स जगज्जेता झाला. २००० युरो जिंकणाऱ्या संघात होता. २००२च्या विश्वचषकाला नेलं नाही. त्याच वर्षी नंतर ऐनवेळचा बदली म्हणून बोलावलं तेव्हा हा गेला नाही, आणि बराच काळ बाहेर बसला. २००६लाही नाही. म्हणजे विश्वचषक नशिबात एकच, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. आणि तिथे फ्रान्सला नेण्यातही त्याचा वाटा होता. आयर्लंडविरुद्धच्या प्लेऑफमध्ये सगळ्यांना ऑन्रीने चेंडूला लावलेला हात आठवतो, पण डब्लिनची पहिली लढत फ्रान्सने १-० जिंकली होती, अनेल्काच्या गोलवर.

१७ जून २०१०, पोलोक्वाने, मेक्सिकोविरुद्ध मध्यंतर. कोच रेमों दोमेनेक त्याला जागा सोडून फिरू नकोस म्हणून बोलला, याने उलट उत्तर दिलं, दुसऱ्या हाफमध्ये बाहेर. सामना ०-२ गेला. १९ तारखेला ‘लेकिप’ या फ्रेंच क्रीडादैनिकाने पहिल्या पानावर आईवरची शिवी मोठ्या टायपात छापली. फेडरेशनने माफी मागायला सांगितलं, याने नकार दिला, घरी पाठवलं. २० तारखेला दक्षिण आफ्रिकेतल्या कनिस्नाच्या सराव मैदानावर सगळा संघ बसमध्ये जाऊन बसला, आणि खेळाडूंचं निवेदन चक्क दोमेनेकने पत्रकारांना वाचून दाखवलं. आपल्याविरुद्धचा संप आपणच जाहीर करणारा दुसरा कोच माझ्या तरी माहितीत नाही.

पुढे दोमेनेकनेच सांगितलं की छापलेले शब्द जसेच्या तसे त्याचे नव्हते. शिवीगाळ झाली हे खरं, पण ड्रेसिंग रूममध्ये होते तशी. फेडरेशनने १८ सामन्यांची बंदी ठोकली. एकतीस वर्षांच्या माणसाला १८ सामने म्हणजे कायमचा रामराम. ६९ सामने, १४ गोल, संपलं. कॅप्टन एव्हराला पाच, रिबेरीला तीन, तुलालाँला एक. तुम्हीच मापं जुळवून बघा.

---

रविवारचा रेफ्री

मध्यंतरात कोचला शिव्या देणारा माझ्या संघात असता तर मीही काढला असता. ‘जसेच्या तसे नव्हते’ हा बचाव पोरकट आहे. आणि वेस्ट ब्रॉमचं काय? तिथे तर कोचही मधे नव्हता.

---

शिट्टी आणि कार्ड

वेस्ट ब्रॉमबाबत मी रेफ्रींच्या बाजूने. २८ डिसेंबर २०१३, वेस्ट हॅमविरुद्ध ३-३, याचे दोन गोल, आणि पहिल्या गोलनंतर ‘केनेल’चा हातवारा. फ्रान्समधल्या दिय्युदोने या विनोदवीराने तो रुजवला आणि ज्यूद्वेषी म्हणून तो बदनाम होता. अनेल्का म्हणाला मित्राला साथ दिली, व्यवस्थेविरुद्धची खूण आहे. एफएच्या (इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या) समितीने तो स्वतः ज्यूद्वेष्टा आहे असं म्हटलं नाही, तरी पाच सामन्यांची बंदी आणि ८० हजार पौंड दंड केला. प्रायोजकाने हात काढून घेतला. मार्चमध्ये अनेल्काने ट्विटरवर ‘मी चाललो’ जाहीर केलं, क्लबने गैरवर्तनासाठी करार तोडला. त्या हातवाऱ्याचा फ्रान्समध्ये काय अर्थ लावला जातो हे त्राप मध्ये वाढलेल्या माणसाला ठाऊक नसेल? इथे वहीखातं मदतीला येत नाही.

---

नेरूळ ईस्ट

आमच्याकडे येईपर्यंत कोण थांबणार म्हणून मीच लिहितो.

मुंबईच्या आधी, एप्रिल २०१४मध्ये ब्राझीलच्या अ‍ॅटलेटिको मिनेरोच्या अध्यक्षाने ‘अनेल्का आमचा’ म्हणून जाहीरही करून टाकलं, आणि हा तिकडे फिरकलाच नाही! म्हणजे तेरावा क्लब थोडक्यात हुकला. सप्टेंबरमध्ये मुंबई सिटी. मालक रणबीर कपूर आणि बिमल पारेख, कोच पीटर रीड, सोबत फ्रेडी ल्युंगबर्ग. इंग्लंडमधल्या बंदीचे सामने शिल्लक होते ते इथे आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) भोगून मग उतरला. हार्बर लाइनने डी. वाय. पाटीलला जाणाऱ्यांत अर्धे लोक रणबीर दिसतो का म्हणून, उरलेले आमच्यासारखे.

खेळ? पस्तिशीचा माणूस, धावणं मोजून मापून. पण चेंडू पायाखाली घेताना बघा. आपले बॅक दोघं दोघं अंगावर जात आणि तो चेंडूकडे न बघता पास देऊन मोकळा. अडचण अशी की पास जिथे जायचा तिथे कुणी पोचलेलं नसायचं. दोन गोल केले, संघ आठांत सातवा.

२०१५ला त्यालाच खेळाडू-मॅनेजर केलं. म्हणजे ज्याचं कोचशी पटत नव्हतं तोच कोच! संघात सुनील छेत्री, लिलावातला सर्वांत महाग, १.२ कोटी रुपये, आणि सोनी नोर्दे. नॉर्थईस्टला ५-१ हरवलं तेव्हा छेत्रीची हॅटट्रिक झाली, आयएसएलमधली भारतीयाची पहिली. अनेल्का स्वतः फार कमी उतरला. संघ सहावा.

---

फातोर्ड्याचो

सहावा आलात, आणि १७ नोव्हेंबरला फातोर्ड्याला काय झालं ते लिहायला विसरलात काय हो? एफसी गोवाने ७-० धुतलं! हाओकिपची हॅटट्रिक, दुदूची हॅटट्रिक, वर एक रेनाल्दोचा. एका बाकावर आमचा कोच झिको आणि दुसऱ्यावर अनेल्का. 😁

चिडवणं पुरे. गोंयकारांचा मुद्दा वेगळा आहे. फिरणारा स्ट्रायकर म्हणजे काय ते आयएसएल यायच्या आधीपासून आम्ही बघत आलोय. नायजेरियाहून रांती मार्टिन्स आला, गोव्याच्या धेंपो क्लबात २००४ ते २०१२ ठाण मांडून बसला. २०११-१२ला एका मोसमात ३२ गोल. त्याच काळात चर्चिलचा ओडाफा. दोघं शेवटी कोलकात्याला गेले, रांती प्रयागकडे, ओडाफा मोहन बागानकडे, कारण पैसा तिकडे होता. रांतीला कुणी भाडोत्री म्हटलं नाही. आठ वर्षं दिली, मग गेला, लोकांनी डोळे पुसले.

म्हणून टाचटोलाबाब, तुमचं वहीखातं पटतं, पण अर्धं. चाहते रकमेवर चिडत नाहीत. माणूस दोन मोसम तरी आपला होता असं त्यांना वाटायला हवं. अनेल्का कुठे कुणाचा झाला?

---

मँचेस्टरचा पाऊस

चेल्सीचा झाला. चार वर्षं राहिला, लीग, एफए कप, गोल्डन बूट. स्वतःहून क्लब बदलायची मागणी केली ती डिसेंबर २०११मध्ये, आणि तेव्हा कोच व्हिलास-बोआसने त्याला आणि अ‍ॅलेक्सला मुख्य संघापासून वेगळं सरावाला लावलं. चार वर्षांची ही पावती.

---

टाचटोला

@फातोर्ड्याचो, ‘अर्धं’ मान्य करायला हरकत नाही, पण कोणतं अर्धं यावर भांडू. रांतीला आठ वर्षं मिळाली कारण धेंपोने त्याला आठ वर्षं ठेवला. अनेल्काला लिव्हरपूलमध्ये राहायचं होतं, ठेवला नाही. पीएसजीला परत गेला तो घरी म्हणून, तिथे कोच लुइस फर्नांडिसशी बिनसलं आणि मोसमाच्या मध्येच बाहेर पाठवला. सिटीत अडीच वर्षं, बोल्टनमध्ये दीड, आणि बोल्टनने विकायला ‘नाही’ म्हटलं असतं तर चेल्सी झालं नसतं. १९९९चं आर्सेनल आणि शांघाय सोडलं तर ‘मला जायचंय’ हे नेहमी त्याच्याच तोंडून आलेलं नाही.

शांघायबद्दल वकिली नाही. ते पैशासाठीच होतं. तिथे कोच तिगाना गेल्यावर काही काळ खेळाडू-कोच झाला, ड्रोग्बाही आला, भागधारकांची भांडणं पेटली आणि वर्षभरातच दोघं बाहेर. मग युव्हेंटसमध्ये तीन सामने खेळून इटलीचं लीग पदक! प्रीमियर लीगमध्ये सहा क्लबांकडून १२५ गोल करायला कित्येक वर्षं लागली, आणि हे पदक बाकावर बसून मिळालं.

---

पेठेतला बॅक

तीन सामन्यात पदक? आमच्या पेठेत असा पोरगा मिरवणुकीत ट्रॅक्टरवर सगळ्यात पुढं उभा असतो.

बारा क्लबवर एवढा धागा झाला तर उरुग्वेच्या ‘लोको’ अब्रेऊवर किती होईल? त्यानं तीसेक क्लब केले, गिनीज बुकात नाव आहे. २०१०ला घानाविरुद्ध पेनल्टी अलगद उचलून मधोमध टाकली तोच. टाचटोला भाऊ, घ्या मनावर.

---

टाचटोला

घेतो, पण त्याला जेवणाची सुट्टी लागेल. क्लबांची नावं लिहिण्यातच रविवार जाईल.